रिकाम्या गोलपोस्टात जिंकलेली फायनल

आमच्या क्लबाला पन्नास वर्षं होतायत म्हणून स्मरणिका निघणार आहे. स्मरणिका म्हणजे पुढच्या पानांवर पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो, मागच्या पानांवर बिल्डर आणि ज्वेलर्सच्या जाहिराती, आणि मध्ये जागा उरलीच तर फुटबॉल. त्या उरलेल्या जागेत 'संस्मरणीय सामने' असा लेख मी लिहायचा, हे कमिटीनं ठरवलं. मला विचारून नाही. अध्यक्षांनी फोनवर कळवलं, "तू शिकलेला आहेस. तुझ्याकडे भाषा आहे."

क्लबात माझी ओळख एवढीच. माझ्या घरात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील पनवेलच्या तांदळाच्या गिरणीत पोती उचलायचे. मी बी.कॉम. झालो, तेही सेकंड क्लासमध्ये, एकही वर्ष न गमावता. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. फुटबॉलमध्ये मी बेताचाच होतो, लेफ्ट बॅक, माझ्या बाजूनं चेंडू आला की आमचा गोलकीपर आधीच शिव्या द्यायला लागायचा. पण निकाल लागला त्याच आठवड्यात क्लबानं मला सेक्रेटरी केलं आणि लाल कापडी बांधणीची नोंदवही हातात दिली. तारीख, प्रतिस्पर्धी, निकाल, शेरा, असे चार रकाने. माझं अक्षर चांगलं आहे. त्या वहीतलं एकमेव पाहण्यासारखं ते अक्षरच आहे.

लेखाची बैठक हार्डवेअरच्या दुकानामागच्या खोलीत झाली. दुकान क्लबाच्या खजिनदाराचं. तिथेच काचेच्या कपाटात आमचा एकुलता एक मोठा कप ठेवलेला आहे, त्याच्या शेजारी रंगाचे डबे.

"फायनल पहिली घे," अध्यक्ष म्हणाले. "खाडीवाल्यांना तीन-शून्य मारलं ती. गोल कोणी कसे मारले ते नीट रंगवून लिही. पहिला माझा, हेडर."

"हेडर?" खजिनदार म्हणाला. "तू उडी मारलीस तरी तुझे पाय जमिनीवरच असायचे."

"मग तुझा फ्रीकिक कुठून आला रे?"

"वीस यार्डांवरून. त्यांच्या कीपरनं बघितलासुद्धा नाही."

कीपरनं बघितला नाही, हे मात्र खरं. तो त्या वेळी न्हावा शेवाच्या रस्त्यावर एका उलटलेल्या ट्रेलरच्या मागे उभा होता. तिसऱ्या गोलावर तिसऱ्या एका सभासदानं हक्क सांगितला. हा गृहस्थ त्या रविवारी पुण्याला मेव्हणीच्या लग्नात होता, आणि त्या लग्नाचा आल्बम आम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे.

मी म्हटलं, "गोल झालेच नाहीत. सामनाच झाला नाही."

अध्यक्षांनी वही उघडली, बोट ठेवलं आणि माझ्याकडे सरकवली. 'विजयी, ३–०.' पुढे शेऱ्याचा रकाना कोरा.

"अक्षर कोणाचं आहे?"

अक्षर माझं होतं. म्हणून हा लेख लिहायचा की नाही, आणि लिहिला तर काय लिहायचं, हा प्रश्न माझ्या मानगुटीवर येऊन बसला. या तिघांनी पंचवीस वर्षं जी थाप मारली तिला पुरावा मी दिलेला आहे. आता खाली माझं नाव छापून आलं की ती थाप राहणार नाही, इतिहास होईल.

तसं पाहिलं तर लिहिण्यासारखे सामने थोडेच आहेत. एकदा आम्ही खांदा कॉलनीच्या पोरांशी खेळलो. त्यांचे आईबाप घडीच्या खुर्च्या घेऊन आले होते, प्रत्येक पोराच्या नडगीला पॅड, प्रत्येकाची वेगळी पाण्याची बाटली. चेंडू बाहेर गेला तरी आया टाळ्या वाजवायच्या. आम्ही मनात म्हटलं, यांना चिरडतो. पाच-शून्य हरलो. परत येताना रिक्षात अध्यक्ष म्हणाले, नैतिक विजय आपलाच. हा नैतिक विजय वहीत कुठल्या रकान्यात लिहायचा, ते त्यांनी सांगितलं नाही. आज मी त्याच कॉलनीत राहतो, आणि माझ्याकडेही घडीची खुर्ची आहे. एकदा आमचा सेंटर फॉरवर्ड हाफटाइमला वडापाव खायला गेला तो एस.टी. स्टँडवर मामा भेटला म्हणून त्याच्याबरोबर गाडीत बसून पेणला गेला. एकदा आम्ही स्वतःच्याच गोलात तीन गोल घातले आणि भांडलो मात्र लाइनमनशी. असला आमचा क्लब. धावायला एकही माणूस तयार नव्हता, आणि भाषण करायला सगळे तयार.

आता त्या फायनलचं सांगतो.

स्पर्धा आम्हीच भरवलेली, मैदान आमचं, आणि आम्ही फायनलला पोचलो ते दोन संघांनी नाव मागे घेतलं म्हणून. समोर खाडीकाठच्या गावचा संघ होता. मासेमारी करणारी माणसं, शिवाय काही पोर्टवर हमाली करणारी. त्यांनी सेमीफायनलमध्ये ज्यांना हरवलं, त्यांनी आम्हाला साखळीत नाचवलं होतं. तेव्हा काय होणार होतं ते आम्हाला ठाऊक होतं. आदल्या दिवशी अध्यक्ष एवढंच म्हणाले, "चारच्या आत ठेवा."

स्पर्धेचे नियम मी लिहिले होते. पदवी ताजी होती, ऑफिसच्या मराठीची हौस होती. सातवा नियम मला आजही पाठ आहे: 'नियोजित वेळेनंतर पंधरा मिनिटांत संघ मैदानावर उपस्थित न झाल्यास प्रतिस्पर्धी संघास विजयी घोषित करण्यात येईल. अपरिहार्य कारणास्तव पंचांच्या संमतीने ही वेळ वाढविता येईल.' अशी दोन वाक्यं. दोन आहेत हे लक्षात ठेवा.

सामना चारचा. चार वाजता खाडीवाले नव्हते. प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलेले पुढारीही नव्हते. साडेचारला एक माणूस मोटरसायकलवरून आला आणि अध्यक्षांना म्हणाला, "पोर्टच्या रस्त्याला ट्रेलर आडवा झालाय, कंटेनर रस्त्यात पडलाय, लायनी लागल्यात. पोरांनी टेम्पो सोडला. चालत निघालीत." मी शेजारीच उभा होतो. मी ऐकलं. अध्यक्षांनी त्याला चहा विचारला आणि पुन्हा पाहुण्यांच्या वाटेकडे बघायला लागले.

पाहुणे पाच वाजायला दहा मिनिटं असताना आले. मग शाल, श्रीफळ, हार. हार दोनदा घातला, कारण पहिल्यांदा फोटोग्राफर रोल बदलत होता. पाहुण्यांनी भाषण केलं. खेळामुळे वेळेचं महत्त्व कळतं, हे वाक्य त्यात होतं. मी ते ऐकून मान डोलावली होती. मग चकचकीत चामडी बुटानं त्यांनी चेंडूला लाथ मारली, चेंडू चार फूट गेला, बूट सहा फूट. टाळ्या झाल्या.

पंच आमच्या पनवेलचेच, रेल्वेतून रिटायर झालेले बेने इस्राएल, म्हणजे आमच्याकडचे ज्यू गृहस्थ होते. शनिवार त्यांचा धर्माचा सुट्टीचा दिवस, त्या दिवशी ते शिट्टी मारत नसत, म्हणून आम्ही फायनल रविवारी ठेवायचो. फार सरळ माणूस. त्यांनी मला विचारलं, "सेक्रेटरी, तुमच्या नियमात काय आहे?" मी कागद काढला आणि पहिलं वाक्य वाचलं. त्यांनी घड्याळ बघितलं, मग पाहुण्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पुढे काही?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

मग आमच्याकडची रीत सुरू झाली. समोरचा संघ आला नाही तर जिंकलेल्या संघानं रिकाम्या गोलात एक चेंडू मारायचा, म्हणजे विजय पक्का. चेंडू कोणी मारायचा यावरून भांडण लागलं. रिकाम्या गोलासाठी अकरा माणसं भांडतायत, हे मी डोळ्यांनी पाहिलं. अखेर अध्यक्षांनी मारायचं ठरलं. बारा यार्ड, समोर कोणी नाही, फोटोग्राफर गोलच्या मागे गुडघ्यावर बसलेला. अध्यक्षांनी धावत येऊन मारला आणि चेंडू बारवरून गेला. माणसं हसली. "ऊन आलं डोळ्यात," अध्यक्ष म्हणाले. ऊन त्यांच्या पाठीवर होतं. पुन्हा चेंडू ठेवला.

तेवढ्यात ते आले. तेरा जण होते. बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून बूट गळ्यात अडकवलेले, पाय धुळीनं पांढरे. त्यांचा कप्तान तेव्हा पस्तिशीचा असेल, रुंद खांद्यांचा. तो सरळ आमच्याकडे आला.

"उशीर झाला. दोन मिंटं पानी पितो, मंग चालू करा."

"मॅच संपली," अध्यक्ष म्हणाले.

कप्तानानं मैदानाकडे बघितलं. "कोनाशी खेल्लात?"

पुन्हा हशा पिकला, आणि या वेळी तो आमच्यावर होता. अध्यक्षांनी माझ्याकडे बोट केलं. कागद माझ्या हातात होता. कप्तान माझ्याकडे वळला. "भाऊ, उजेड हाय आजून. वीस-वीस मिंटं खेलू. हरलो तं हरलो, नाय कोन बोलत."

मी काही बोलायच्या आत दोरीपलीकडून माझ्या वडिलांचा आवाज आला. गिरणीतून तसेच आलेले, अंगावर कोंडा. "खेलू दे ना त्यांना. चालत आलीत पोरं."

घरी मी त्यांना 'तू' म्हणायचो. त्या दिवशी पाहुण्यांसमोर 'तुम्ही' म्हणालो, आणि तो आदर नव्हता. "तुम्ही मध्ये बोलू नका. नियम आहे."

"आनी त्या पाव्हन्यासाठी येवडा येल थांबलात, त्यो कुठच्या नियमात?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. कागदावर दुसरं वाक्य होतं, माझ्याच हातचं. ते वाचलं असतं तर सामना झाला असता, आम्ही सात-आठ गोल खाल्ले असते आणि घरी गेलो असतो. पण गिरणीतल्या हमालानं पदवीधर पोराला चार माणसांत गप्प केलं, हे मला सहन झालं नाही. मी पहिलं वाक्य पुन्हा मोठ्यानं वाचलं आणि कागदाची घडी घालून खिशात टाकली. अध्यक्षांना मी हसतो, पण त्यांचा नुसता नेम चुकला होता.

अध्यक्षांनी दुसऱ्या वेळी चेंडू आत घातला. तो फोटो आजही खजिनदाराच्या दुकानात आहे. फोटोत जाळीतला चेंडू दिसतो, हवेत उडालेले हात दिसतात. कडेला एक धुळीनं माखलेला पाय आलाय. फ्रेम करताना तो कापायचा राहून गेला.

कप घेतला, गुलाल झाला, आम्ही टेम्पोत चढलो. जेवण ठरलेलं होतं. पण ड्रायव्हर बॅनर बांधत बसला आणि टेम्पो गेटपाशी पंधराएक मिनिटं उभा राहिला. मी मागे उभा होतो, तिथून मैदान दिसत होतं.

खाडीवाले परत गेले नव्हते. त्यांनी पाणी प्यायलं आणि आपसांत दोन बाजू केल्या, सहा आणि सात. बूट गोलपोस्टापाशी ढीग करून ठेवले. आणि मध्ये, कोंड्यानं भरलेल्या बनियनमध्ये, माझे वडील उभे. दोन बोटं तोंडात घालून त्यांनी शिट्टी मारली. पंच आपली बॅग भरून निघाले होते. ते थांबले, बॅग खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले.

मी त्या मैदानावर वीस वर्षं फुटबॉल पाहिला आहे, म्हणजे माणसं पाहिली आहेत, जी चेंडूमागे धावतात. त्या पंधरा मिनिटांत पहिल्यांदा चेंडू माणसांचं ऐकताना पाहिला. कोणी ओरडत नव्हतं. कप्तान सहाच्या बाजूला होता. त्याच्याकडे चेंडू आला की तो क्षणभर थांबवायचा, आणि कुठून तरी एक पोर बरोबर मोकळ्या जागेत पोचलेलं असायचं. चौघांनी चेंडू एकमेकांना दिला, जमिनीला धरून, अनवाणी पायांनी, आणि पाचव्यानं तो हळूच गोलात सरकवला, जसं काही देवघरात ठेवतात. वडिलांनी हाताचं एक बोट वर केलं. ते गोल मोजत होते.

माझ्या शेजारी अध्यक्ष टेम्पोच्या फळीवर कप आपटत होते. "बघतोस काय? चल, नाच."

मी नाचलो.

वडील अंधार पडल्यावर चालत घरी आले. "जेवलास?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हटलं. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही उघडली. गैरहजर संघाचा निकाल तीन-शून्य धरायचा, हाही माझाच नियम होता. ते लिहिलं. मग शेरा. 'संघ गैरहजर' लिहावं तर ते आले होते. 'संघ आला' लिहावं तर मग खेळवलं का नाही, ते लिहावं लागलं असतं. मी रकाना कोरा ठेवला. त्या कोऱ्या जागेत पुढे अध्यक्षांचं डोकं, खजिनदाराचा पाय आणि पुण्यात लग्न जेवणारा तो तिसरा, सगळे आरामात मावले.

वडील जाऊन सहा वर्षं झाली. पंच कधीच मुलांकडे इस्राएलला गेले. स्कोअर सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता. बैठकीनंतरच्या रविवारी मी खाडीकाठच्या गावात गेलो.

कप्तान आता साठीचा आहे. घरापुढे ओट्यावर जाळं पसरून बसला होता. मी कोण ते सांगितलं. त्यानं वर बघितलं. "कागदवाला," तो म्हणाला आणि बसायला जागा केली.

मी सांगितलं की कागदावर आणखी एक वाक्य होतं. काय होतं तेही सांगितलं. त्यानं जाळ्यातली गाठ सोडवली, मग म्हणाला, "आमाला वाटलंच व्हतं. येवडी घाईघाईनं घडी कोन घालतं?" आणि थोड्या वेळानं, "तू त्या टायमाला लय कडक व्हतास."

"आपसांत खेळलात त्याचा स्कोअर काय झाला?"

"त्यो इचारायला आलास? पंचवीस वर्सांनी?" तो हसला. "पाच-चार. आमी सहा जनांनी मारली. उजेड नव्हता, तुझा बाप बोलला आता जो घालील त्यो जिंकला." मग त्याचा चेहरा बदलला. "पन त्यानं माझ्या इरुद्ध पेनल्टी दिली ती चुकीची व्हती. हात नव्हता लागला. खांदा लागला. लिव्हशील तर त्ये पन लिव."

मी म्हटलं, लिहितो.

लेखात मी तो एकच सामना लिहिला. खाडीवाले विरुद्ध खाडीवाले, पाच-चार, पंच माझे वडील. त्याआधी सातवा नियम दिला, दोन्ही वाक्यांसकट, आणि दुसरं कोणी आणि का वाचलं नाही तेही दिलं. मग खजिनदाराच्या खोलीत जाऊन वही मागून घेतली आणि सगळ्यांसमोर शेऱ्याचा रकाना भरला. जागा कमी पडली म्हणून समासात लिहिलं. खाली आजची तारीख आणि सही.

अध्यक्षांनी वाचलं. "वही खराब केलीस," ते म्हणाले.

"हा आपला सामनाच नाही," तिसरा म्हणाला.

"मैदान आपलं होतं," मी म्हटलं. "तेवढंच आपलं होतं."

खजिनदारानं त्या ओळींवरून बोट फिरवलं. "मग माझा फ्रीकिक?" त्यानं विचारलं. गंमत नव्हती करत. इतकी वर्षं सांगून सांगून त्याला तो खरंच आठवत होता.

लेख छापणार नाहीत. त्या पानावर एका बिल्डरची पानभर जाहिरात घेतली आहे, असं कळलं. घेऊ देत. वही त्यांना फाडता येणार नाही, कारण त्याच पानाच्या पाठीमागे पाहुण्यांची सही आणि शुभेच्छा आहेत, आणि पुढाऱ्याची सही फाडायची या लोकांची छाती नाही.

समासात मी पाच-चार लिहिलंय. पेनल्टीबद्दल कप्तानाचं म्हणणं लिहिलंय. ती बरोबर होती की चूक, ते लिहिलेलं नाही. ते मी पाहिलं नाही. तोवर टेम्पो सुटला होता, आणि मी नाचत होतो.